पोर्तुगालची विहीणबाई

२००५ सालच्या जानेवारीत आम्ही मिल्टन कीन्सला राहायला आलो, तेव्हा मला दोन गोष्टी येत नव्हत्या. एक म्हणजे गाडी चालवता येत नव्हती, आणि दुसरं म्हणजे कंटाळा आलाय हे कोणाला सांगता येत नव्हतं. नवरा सकाळी सव्वासातला ऑफिसला जायचा. माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी होती, मुंबईतल्या सात वर्षांच्या नोकरीचा अनुभव होता, पण विषय काढला की तो म्हणायचा, "जरा सेटल होऊ दे, मग बघू." आता हे शहर मुळातच गाडीवाल्यांसाठी आखलेलं. एक राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, संपला की दुसरा लागतो. पायी चालणाऱ्यांसाठी लाल डांबराचे वेगळे रस्ते आहेत, त्यांना रेडवे म्हणतात, पण ते झाडांमागून, पुलांखालून असे काही वळत जातात की पहिल्या आठवड्यात मी दूध आणायला निघाले आणि एका तळ्याशी पोचले. तळ्यात बदकं होती. मी तशीच परत आले आणि नवऱ्याला सांगितलं, दुकानातलं दूध संपलं होतं.

हे शहर नवं असलं तरी बांधताना त्याच्या पोटात काही जुनी गावं जशीच्या तशी राहिली. आमचं भाड्याचं घर अशाच एका गावाच्या कडेला होतं. चर्च, एक पब, चार गवताच्या छपराची घरं आणि एक व्हिलेज हॉल. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. आयुष्यभर लॅटिन शिकवल्यामुळे त्या सगळं हळू आणि स्पष्ट बोलायच्या, त्यामुळे इंग्लंडमध्ये मला पूर्ण कळणारी पहिली व्यक्ती त्याच. मला रोज रेडवेवर एकटीला भटकताना बघून एका बुधवारी दुपारी त्या मला हॉलमध्ये घेऊन गेल्या. तिथे गावाच्या इतिहासमंडळाची सभा होती.

मंडळात अकरा जण होते. त्यांतले सर्वांत तरुण गृहस्थ एकाहत्तर वर्षांचे, आणि बाकीचे त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचे. त्या दिवशी विषय होता, साडेतीनशे वर्षांपूर्वी राजा आणि पार्लमेंटची लढाई चालू असताना गावातल्या चर्चमध्ये घोडे बांधले होते की नाही. दोन गट होते. एक घोड्यांच्या बाजूचा, एक विरोधी. चहा झाला, बिस्किटं झाली, घोड्यांचा निर्णय पुढच्या बुधवारवर गेला. मला फार बरं वाटलं. मी नियमित जायला लागले.

मंडळाचे चेअरमन म्हणजे एक उंच, वाकलेले, अत्यंत सभ्य माजी सर्व्हेयर. तिसऱ्या का चौथ्या सभेत त्यांनी मला विचारलं की मी भारतात नेमकी कुठली. मी म्हटलं, मुंबई, माहीम. त्यांचा चेहरा एकदम उजळला. म्हणजे तुम्ही आमच्या राणीच्या आंदणातल्या, असं ते म्हणाले. आता आंदण म्हटलं की कुठल्याही मराठी शाळेत शिकलेल्या माणसाच्या तोंडातून पुढचं वाक्य आपोआप येतं, की पोर्तुगीजांनी मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण दिलं. मीही ते म्हणून दाखवलं. त्यापलीकडे मला काहीही माहीत नव्हतं. पण मंडळात कोणाला काही येतं असं दिसलं की त्याच्या नावावर लगेच भाषण लागतं, आणि मे महिन्यातला दुसरा बुधवार माझ्या नावावर लागला.

त्याच सुमाराला सासूबाई आल्या, सहा महिन्यांसाठी.

सासूबाई वसईच्या. तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर आणि शेवटी सुपरवायझर होत्या. सासरे लवकर गेले, मुलगा एकुलता एक. आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर रस्त्यावरचा अनोळखी माणूसही थबकायचा. इंग्रजी त्यांना कामापुरतं यायचं, म्हणजे "होल्ड ऑन", "लाइन बिझी" आणि "स्पीक अप प्लीज" एवढं. एवढ्या इंग्रजीवर त्यांनी पहिल्या आठवड्यात गावातल्या निम्म्या लोकांशी ओळख केली. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की सून दिवसभर घरात असते आणि दुपारी चार वाजता खिडकीशी उभी राहते. त्या मला काहीच बोलल्या नाहीत. आमचं नातं तसं बोलण्याचं नव्हतंच. सहा वर्षं आम्ही एकमेकींना भाजी वाढली होती, सणावारी साड्या दिल्या होत्या आणि फोनवर तब्येती विचारल्या होत्या.

भाषणाला त्या आल्या, कारण घरी एकट्या काय करणार. पहिल्या रांगेत बसल्या. मी लायब्ररीतून तीन पुस्तकं आणून तयारी केली होती, आणि खरं सांगायचं तर तयारी करताना मी माझ्याच गावाची गोष्ट पहिल्यांदा वाचत होते. मी सांगितलं की इंग्लंडच्या राजाला, म्हणजे ज्याच्या वडिलांचं मुंडकं उडवलं होतं त्याला, पैशांची चणचण होती आणि पोर्तुगालला स्पेनच्या भीतीने कोणीतरी पाठीराखा हवा होता. म्हणून लग्न ठरलं. मुलीबरोबर रोकड, आफ्रिकेच्या टोकावरचं एक बंदर आणि मुंबई द्यायचं कबूल झालं. रोकड ऐनवेळी पूर्ण भरली नाही, तेव्हा जहाजांत साखर भरून पाठवली. मुंबई कुठे आहे हे इंग्लंडच्या दरबारात कोणाला धड ठाऊक नव्हतं. एका बड्या मंत्र्याला ती ब्राझीलच्या जवळपास वाटत होती म्हणतात. मग इंग्रज जहाजं ताबा घ्यायला गेली, तर तिथले पोर्तुगीज अधिकारी म्हणाले, कुठली मुंबई? जे बेट लिहिलंय तेवढंच. माहीम त्यात येत नाही.

हे सगळं मी मध्येमध्ये थांबून मराठीत सासूबाईंना सांगत होते. माहीमपाशी त्यांनी हात वर केला.

"बैठकीत याद्या झाल्या होत्या ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, करार झाला होता.

"करार वेगळा. यादी. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून, काय द्यायचं काय घ्यायचं ते एकेक कलम लिहून, खाली सह्या. त्यात माहीम लिहिलं होतं की नाही, एवढं विचार त्यांना."

मी विचारलं. घोड्यांच्या बाजूचे आणि विरोधी, दोन्ही गट प्रथमच एकत्र गप्प बसले. चेअरमननी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले की गेल्या कित्येक वर्षांत मंडळात इतका चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता. ते दोन आठवडे नाहीसे झाले. परत आले ते कागदांची चळत घेऊन. त्यांचं म्हणणं असं, की करारात मुंबईचं बंदर आणि बेट असं काहीतरी लिहिलं होतं, पण बेटाची हद्द कोणीही नीट लिहून घेतली नव्हती, आणि सोबत नकाशा होता असं जे म्हणतात तो नंतर कोणालाच सापडला नाही. सासूबाई म्हणाल्या, "मुलाकडचे पहिल्यापासूनच हलगर्जी." त्या दिवसापासून त्या मंडळाच्या मानद सभासद झाल्या.

जुलैत गावाची जत्रा असायची, चर्चच्या छपरासाठी. इतिहासमंडळ दरवर्षी त्यात वीस मिनिटांचा ऐतिहासिक प्रवेश करायचं. त्या वर्षी एकमताने ठरलं, की शाही लग्न करायचं. नवऱ्या मुलीचं काम मला, कारण मंडळात चाळिशीच्या आतली मी एकटीच. राजा म्हणून एक निवृत्त डेंटिस्ट, वय अठ्ठ्याहत्तर, एक खुबा बदललेला. इंग्लंडचे वकील म्हणून चेअरमन. आणि नवऱ्या मुलीची आई, जी त्या काळात पोर्तुगालचा राज्यकारभार बघायची, ती सासूबाईंनी करावी असं सगळ्यांना वाटलं.

सासूबाई नाही म्हणाल्या, आणि कारणं दोन दिली. पहिलं ऐतिहासिक. वसईच्या माणसाने पोर्तुगालची राणी व्हायचं म्हणजे काय? आपल्या लोकांनी जिवावर उदार होऊन किल्ला घेतला, तिथल्या चर्चच्या घंटा काढून देवळांत नेऊन टांगल्या, लहानपणापासून त्या घंटा वाजवत आम्ही मोठे झालो, आणि आता मी त्यांचा मुकुट घालू? दुसरं कारण त्यांनी जरा वेळाने सांगितलं, आणि माझ्या मते खरं ते होतं. त्यांना मुलगा एकच. आयुष्यात त्या फक्त वरमाय झाल्या होत्या. "मुलीकडची बाजू मला जमायची नाही," त्या म्हणाल्या. "मान खाली घालून उभं राहायचं, हात जोडायचे. मला सवय नाही."

नवऱ्याने मध्यस्थी करायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "आई, इट्स जस्ट अ बिट ऑफ फन." यावर सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो लॅपटॉप घेऊन वरच्या खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी चेअरमन स्वतः घरी आले. कोट, टाय, हातात लॅव्हेंडरची कुंडी. सोफ्याच्या कडेवर बसून त्यांनी माझ्यामार्फत रीतसर विनंती केली. सासूबाईंनी त्यांना पोहे दिले. त्यांनी ते संपवले आणि आणखी मिळतील का असं विचारलं. मग सासूबाईंनी विचारलं, ही बाई तिथली मुख्य होती का नवऱ्याच्या नावाने मिरवणारी? चेअरमन म्हणाले, नवरा वारलेला, सगळा कारभार तिच्या हातात, आणि मुलीचं लग्न तिनेच जुळवलं. सासूबाईंनी त्यांच्या बशीत आणखी पोहे घातले. विधवा बाई, एकटीने कारभार, हे कुठेतरी जाऊन लागलं असावं. "बरं," त्या म्हणाल्या. "पण यादी मी वाचणार. आणि मला पाहिजे तशी."

अडचण भाषेची होती. चेअरमनना सगळं अस्सल लागायचं. पोर्तुगालच्या राणीने इंग्रजीत बोलणं त्यांना पटेना, आणि पोर्तुगीज कोणाला येत नव्हतं. शेवटी त्यांनी जरा लाजत सुचवलं की सासूबाईंनी मराठीतच बोलावं. गावात फरक कळणारं कोणी नाही. मला ते खोटेपणाचं वाटलं. पण शेजारच्या लॅटिनबाईंनी कधी नव्हे ते तत्त्व बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, परदेशी ते परदेशी.

तालमी सुरू झाल्या. खरी राजकन्या इंग्लंडला उतरली तेव्हा तिच्या घेरदार, जुन्या पद्धतीच्या झग्याला दरबारातले लोक हसले होते म्हणे, म्हणून माझा झगाही तसाच हवा होता. लॅटिनबाईंनी दोन हुलाहूप आणि दिवाणखान्याचे जुने पडदे घेऊन तो शिवला, आणि जरीची किनार आणायला आम्ही खास लेस्टरला, तिथल्या भारतीय दुकानांत, जाऊन आलो. झगा अप्रतिम झाला. फक्त तो घालून हॉलच्या दारातून समोरून जाता येत नव्हतं, तिरकं व्हावं लागायचं, आणि बसणं तर अशक्यच. बसायला गेलं की पुढची बाजू उचलून थेट हनुवटीला लागायची.

सासूबाईंनी आंदणाचं रुखवत मांडलंच पाहिजे असा आग्रह धरला. मुलीबरोबर जे जातं ते लोकांना दिसायला नको? मग एका मोठ्या ताटात मुंबईची सात बेटं म्हणून सात स्कोन, म्हणजे चहाबरोबर खायचे इथले गोडसर बन, ठेवले आणि प्रत्येकावर कागदी झेंडा लावला. चेअरमनच्या संहितेप्रमाणे पहिला प्रवेश लिस्बनमधला. आई यादी वाचते, मुलीला निरोप देते आणि आत जाते. दुसरा प्रवेश इंग्लंडच्या किनाऱ्यावर. राजा भेटतो, मुलगी चहा मागते, तिला बिअर देतात, कारण तेव्हा इंग्लंडात चहा सहसा मिळत नसे म्हणे. इथे पेच पडला. मुलीचं लग्न लागायच्या आधी आई आत जाऊन बसते हे सासूबाईंना मान्य नव्हतं. चेअरमननी कळकळीने सांगितलं की ती आई प्रत्यक्षात लिस्बनलाच राहिली होती. सासूबाई म्हणाल्या, "तेव्हा राहिली असेल." चार तालमींनंतर रंगमंचावर डाव्या कोपऱ्यात त्यांची खुर्ची कायमची आली, आणि ती खुर्ची म्हणजे लिस्बन असं प्रेक्षकांनी समजावं असं ठरलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी आणि सासूबाई सुपरमार्केटमध्ये ब्रेड घ्यायला गेलो. तिथे बेकरीच्या काउंटरवर एक चाळिशीतली बाई असायची. तिने मला थांबवलं आणि काचेला लावलेल्या आमच्या पोस्टरकडे बोट दाखवलं. पोस्टर लॅटिनबाईंनी लिहिलं होतं, आणि खाली ठळक अक्षरांत टाकलं होतं, 'मूळ पोर्तुगीज संवादांसह'. ती बाई म्हणाली की ती पोर्तुगीज आहे. आई तिच्याजवळ राहते, म्हातारी झालीय, इंग्रजी येत नाही, कुठे येत-जात नाही. आपल्या भाषेतलं नाटक म्हटल्यावर काल रात्रीच तिने कपाटातून चांगला ड्रेस काढून ठेवलाय. ते सात जण येणार होते.

मी म्हटलं, हाऊ लव्हली.

त्या संध्याकाळी चेअरमनच्या घरी तातडीची सभा झाली. कोणी म्हणालं प्रवेश रद्द करा, कोणी म्हणालं राणीचा घसा बसलाय असं सांगा. राजाने सुचवलं की राणीने नुसत्या खुणा कराव्यात. मी ते मराठीत सांगितलं तेव्हा सासूबाईंना खरंच राग आला. "तेहतीस वर्षं मी बोलण्याचा पगार घेतलाय," त्या म्हणाल्या. "मुकी होऊन मुलीचं लग्न लावणार नाही." चेअरमनचा चेहरा पडला. त्यांना फसवाफसवीची लाज वाटत होती, आणि मलाही. शेवटी ठरलं की प्रवेश झाल्यावर ते स्वतः त्या कुटुंबाकडे जाऊन माफी मागतील.

शनिवारी हॉल भरला. माझा नवरा मागे कॅमेरा घेऊन उभा होता. दुसऱ्या रांगेत ते सात जण बसले, मधोमध ती म्हातारी, काळ्या ड्रेसमध्ये, मांडीवर पर्स धरून, ताठ. मी विंगेत तिरकी उभी होते, आणि मला झेपेल त्याहून जास्त घाम आला होता.

सासूबाई आल्या. डोक्यावर कागदी मुकुट, अंगावर जांभळं मखमल. त्यांनी यादी उलगडली आणि एक्स्चेंजमधल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. ती यादी त्यांनी कोणाला दाखवली नव्हती. राज्याच्या कराराला शोभेल असं त्यात काहीच नव्हतं. मुलीचा संसार उभा करायला एखादी आई जे देईल तेच सगळं होतं.

"परात एक. घमेलं एक. बादल्या दोन. मेज एक. साबण बारा. चावी, कपाटाची, एक."

म्हातारीच्या कपाळावर आठ्या होत्या. चावीपाशी ती पुढे झुकली.

"बटाटे एक पोतं. कोबी दहा. अननस चार. काजू दोन शेर. पाव, रोजचे. पेरू पाच."

म्हातारीने मुलीचा दंड धरला. त्या रांगेत कुजबुज सुरू झाली. एक जण हसायला लागला, पण चेष्टेचं हसू नव्हतं ते. गर्दीत ओळखीचं माणूस दिसल्यावर येतं तसं होतं. चेअरमन, म्हणजे इंग्लंडचे वकील, पांढरेफटक पडून माझ्याकडे बघत होते. मलाही काही कळत नव्हतं.

"आणि शेवटी," सासूबाई म्हणाल्या, "मुंबई. माहिमासकट. लिहून घ्या."

इथे त्यांनी यादी गुंडाळायची आणि मला निरोप द्यायचा होता. तालमीत त्या नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या. त्या दिवशी त्यांनी हात ठेवला आणि राजाकडे वळल्या. राजा तेव्हा अजून इंग्लंडमध्ये, म्हणजे तीन फुटांवर, होता.

"मुलगी आमची अबोल आहे," त्या म्हणाल्या. "मागून घेणार नाही. म्हणून मी सांगते. हुशार आहे, सात वर्षं नोकरी केलेली आहे. तिला खिडकीत उभी करून ठेवू नका. गाडी चालवायला शिकवा. सेटल-बिटल नंतर व्हा."

हॉलमध्ये मराठी कळणारी माणसं तीनच होती. त्यांतल्या एकाच्या हातातला कॅमेरा खाली आला. व्हिडिओत त्यानंतरची चार मिनिटं नुसती जमीन दिसते. मी रडले. प्रेक्षकांना वाटलं लेक सासरी निघालीय, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचा प्रवेश कसा झाला ते मला नीट आठवत नाही. राजा गोंधळून गेला होता. त्याला वाटलं आपलं वाक्य चुकलं. धीर यावा म्हणून त्याने ताटातला एक स्कोन उचलून खाल्ला, तो नेमका माहीमचा झेंडा असलेला. तोंड भरलेलं असल्यामुळे माझं स्वागत त्याला करता आलं नाही. मी चहा मागितला. लॅटिनबाईंनी मला बिअर दिली आणि मी ती खरोखर प्यायले.

पडदा पडल्यावर चेअरमन माफी मागायला निघाले, पण त्याआधीच ती माणसं स्टेजजवळ आली होती. म्हातारीने सासूबाईंचे दोन्ही हात धरले आणि भराभर काहीतरी विचारलं. तिच्या मुलीने मला इंग्रजीत सांगितलं, की आई विचारतेय तुम्ही कुठल्या बेटावरच्या. पोर्तुगालच्या लांबच्या बेटांवर लोक असं जुनाट, तुटक बोलतात असं तिने ऐकलंय. वाक्यं तिला काही कळली नाहीत, पण सामान सगळं कळलं. चावी, बटाटा, अननस, काजू, साबण, पाव, सगळे शब्द आमचेच. फक्त एक शंका आहे.

"काय?" मी विचारलं.

"लग्नाला पाच टर्की कशाला?"

पोर्तुगीजमध्ये पेरू म्हणजे टर्की. हे उलगडायला आम्हाला दहा मिनिटं लागली, आणि फळाचं चित्र सासूबाईंना यादीच्या पाठीवर काढावं लागलं.

मी तिला खरं सांगून टाकलं, की ही मराठी होती, पोर्तुगीज नव्हे. तिने आईला सांगितलं. आईला ते पटलं नाही. मग सासूबाईंनी मला सांगितलं की आपण वसईच्या आहोत हे हिला कळू दे. फसवून मान घेणं बरोबर नाही. किल्ला घेतला, घंटा काढल्या, हाकलून दिलं, सगळं सांग. मी चाचरत सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली. मग ती जे बोलली ते तिच्या मुलीने जरा थांबून सांगितलं. तिचा जन्म पोर्तुगालमध्ये नव्हताच, मोझांबिकमध्ये झाला होता. तिथे स्वातंत्र्य आलं तेव्हा तिच्या कुटुंबाला दोन बॅगा घेऊन निघावं लागलं. तिथल्या लोकांचं बरोबरच होतं असं तिला आता वाटतं, पण तिचं शिवणाचं मशीन तिथे राहिलं. "हाकलल्या जाण्याची आम्हाला सवय आहे," ती म्हणाली. "तुमच्या घंटा तुम्हाला लखलाभ."

सासूबाईंनी उरलेल्या सहा स्कोनांचं ताट तिच्यापुढे धरलं.

मंडळाच्या पुढच्या वार्तापत्रात चेअरमननी लिहिलं की प्रयोगातील पोर्तुगीज भाषेला प्रत्यक्ष पोर्तुगीज पाहुण्यांनी दाद दिली. हे शब्दशः खरं होतं, आणि त्यांचं मन शांत झालं. प्रयोगानंतर तिसऱ्या दिवशी नवऱ्याने टेबलावर प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्सचा फॉर्म आणून ठेवला आणि सॉरी म्हणाला. मला अजून राग होता, तो मी तेव्हा प्रथमच नीट बोलून दाखवला. पहिल्या परीक्षेत मी नापास झाले, दुसऱ्यांदाही, राउंडअबाउटवरच. तिसऱ्यांदा पास झाले, आणि पुढच्या वसंतात मला कौन्सिलमध्ये नोकरी लागली. सासूबाईंशी त्या भाषणाबद्दल मी एकदाच बोलायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "ते राणी बोलली," आणि डाळ निवडायला लागल्या.

त्या परत जाईपर्यंत दर गुरुवारी म्हातारी आमच्याकडे यायची. दोघी स्वयंपाकघरात बसून एकेक वस्तू उचलून दाखवायच्या आणि आपापल्या भाषेतलं नाव सांगायच्या. जुळलं की हसायच्या, नाही जुळलं की दुसरीचं चुकलं असं समजायच्या. सासूबाई वसईला गेल्यावरही महिन्यातून एकदा तिला फोन करायच्या. पुढच्या वर्षी एकदा मी बेकरीतल्या त्या बाईच्या घरी गेले असताना तो फोन आला, आणि म्हातारी पंधरा मिनिटं पोर्तुगीजमध्ये मोठमोठ्याने बोलत होती, मध्येच गप्प राहून मान हलवत होती. संध्याकाळी मी सासूबाईंना विचारलं, एवढं काय बोललात?

त्यांनी सांगितलं की म्हातारीचा डावा गुडघा फार दुखतोय, ऑक्टोबरात ऑपरेशन आहे, आणि जावई तिच्याशी नीट वागत नाही.

मी विचारलं, हे तुम्हाला कसं कळलं.

"कळतं," त्या म्हणाल्या. "लाइन क्लिअर होती."

ऑक्टोबरात डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी फुलं घेऊन गाडीने हॉस्पिटलमध्ये गेले. जावयाचं मात्र कोणाला विचारायचं ते मला कळलं नाही.